आपण न भरलेली निविदा

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला विचारलं होतं, "वधूपक्ष की वरपक्ष?"

सकाळचे साडेसहा. हडपसरहून मांजरीकडे जाताना लागणाऱ्या एका मंगल कार्यालयाच्या दारात आम्ही वीस मुली एकसारखे निळे टी-शर्ट घालून उभ्या, आणि समोर सफारी घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ, हातात किल्ल्यांचा जुडगा. आमच्या प्रशिक्षक ताई म्हणाल्या, "आम्ही टीम आहोत, काका. चिअरलीडिंगची. मालकांशी बोलणं झालंय."

"टीम कुणाकडून?"

"आमच्याकडूनच."

"म्हणजे कुठलाच पक्ष नाही," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दार उघडलं. पुढे कधीतरी मी ती वही पाहिली. वधू-वरांची नावं लिहायच्या रकान्यात त्यांनी त्या दिवशी लिहून ठेवलं होतं, "लागू नाही."

काकांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर ते त्याबद्दलही खुलासा मागवतील. निवृत्त होण्याआधी बत्तीस वर्षं ते एका सरकारी कार्यालयात निविदा शाखेत होते. रस्ता असो, पूल असो, शाळेची भिंत असो, ठेकेदारांनी भरलेल्या निविदा बंद पाकिटात घ्यायच्या, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सगळ्यांसमोर उघडायच्या, आणि एक मिनिट उशिरा आलेलं पाकीट न उघडता परत करायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते या कार्यालयाचे व्यवस्थापक झाले. लग्नं तशीच लावायचे. अकरा चौपन्नचा मुहूर्त म्हणजे अकरा चौपन्न. नवरामुलगा मेकअपला बसलाय म्हणून भटजी थांबलेत, असं त्यांच्या हद्दीत कधी झालं नाही.

लग्न नसेल त्या दिवशी, किंवा असलं तरी वऱ्हाड यायच्या आधी, आम्हाला तो हॉल मिळायचा. उंच छत आणि खाली फरशी, त्यावर आम्ही आमच्या गाद्या अंथरायचो. चिअरलीडिंग म्हटलं की लोकांना क्रिकेटमध्ये चौकार गेल्यावर नाचणाऱ्या मुली आठवतात. माझ्या आईलाही त्याच आठवल्या आणि तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग मी तिला हॉलवर आणून दाखवलं. तीन मुली खाली पाय रोवून उभ्या राहतात, चौथीला हातांवर उचलतात, डोक्याच्या वर नेतात, वर भिरकावतात आणि झेलतात. अडीच मिनिटांत हे सगळं, उड्या, कोलांट्या, घोषणा, मानवी मनोरा. खालच्यांना बेस म्हणतात आणि वर जाणारीला फ्लायर. मी बेस. आमच्या घराण्यात सगळ्यांचेच खांदे रुंद आहेत, त्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. आई बघून म्हणाली, "अगं, ही तर हमाली आहे," आणि तिचा राग गेला.

काकांनी मात्र आम्हाला बघून कुठलंच मत दिलं नाही. म्हणाले, "नियमावली आहे का?"

ताईंनी इंग्रजी नियमावलीची छापील प्रत दिली. काका ती तीन आठवडे वाचत होते. परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने शेरे होते. "पाहिले." "योग्य." "हे कोण तपासणार?" फ्लायरला किती उंच फेकता येईल या नियमापुढे नुसतंच "अरे बापरे." शेवटच्या पानावर पूर्ण वाक्य होतं, "संघास व्यवस्थापक आवश्यक. नेमणूक झालेली दिसत नाही."

"मग तुम्हीच व्हा की," मी म्हटलं.

"लेखी द्या."

दिलं. त्यांनी त्याची पोच दिली, म्हणजे तारीख घालून सही केली की कागद मिळाला. पोच हा त्यांचा श्वास होता. आम्हाला केळी वाटली तरी वीस जणींच्या सह्या घ्यायचे. एकदा मी दोन केळी खाल्ली तर मला दोनदा सही करायला लावली.

आणि आमच्याशी बोलायचे अहो-जाहो करून. कात्रजहून दोन बस बदलून येणारी आमची फ्लायर रेवती, वय एकोणीस, वजन सांगितलं तर ती मला मारेल, तिलासुद्धा "अहो, आपण नाश्ता केलात का?" मला तोवर आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं. पहिले काही दिवस मी मागे वळून बघायची की आणखी कोण आलंय.

रेवती वर जायची तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांना बघवायचंच नाही. आमचे आकडे चालू, पाच सहा सात आठ, ती हवेत, आणि काका भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीला विचारतायत, "आल्या का खाली?"

"आल्या, काका."

"पूर्ण आल्या?"

"पूर्ण आल्या."

मग ते वळायचे आणि वहीत खूण करायचे. वर्षभरात रेवती किती वेळा सुखरूप खाली आली याची नोंद जगात फक्त त्या वहीत असेल.

आता मुद्द्याचं. आम्हाला अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेला जायचं होतं. मला तर त्याच वर्षी जायचं होतं, कारण त्यानंतर जूनमध्ये मला खराडीच्या कंपनीत रुजू व्हायचं होतं आणि नोकरी करून रोज सकाळी दोन तास मुली उचलणं मला जमणार नाही, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या मापाच्या खांद्यांना एवढी एकच संधी होती.

तिथे जायचे रस्ते दोन. काही देशांत पात्रता स्पर्धा होतात, तिथे जो पुढे येतो त्याला जागा मिळते. आमच्या गटासाठी आपल्याकडे तशी स्पर्धा नव्हती, म्हणून दुसरा रस्ता. आपला पूर्ण कार्यक्रम एका कॅमेऱ्याने, समोरून, कुठेही न कापता चित्रित करायचा आणि पाठवायचा. तिकडचे परीक्षक बघतात, गुण देतात, आणि पसंत पडलं तर त्या संघाला "बिड" देतात. बिड म्हणजे स्पर्धेतली जागा. ती मिळाली की ठरलेल्या तारखेच्या आत "आम्ही येतो" असं कळवायचं, खेळाडूंची पासपोर्टवरची नावं भरायची. कळवलं नाही तर जागा पुढच्या संघाला जाते.

पासपोर्टचं काम काकांनी हातात घेतलं आणि आमचं जिणं हराम केलं. दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, एकीच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. काका प्रत्येकीला घरी पाठवायचे, "वडिलांना विचारून या, ते नक्की कोण आहेत." चार महिन्यांत वीसच्या वीस पासपोर्ट झाले आणि त्यांच्या प्रती आडनावाच्या अक्षरक्रमाने एका फायलीत लागल्या.

व्हिडिओच्या दिवशी तर त्यांनी कहर केला. चित्रीकरण न कापलेलं आहे याला पुरावा काय, असं म्हणून त्यांनी पंचनामा केला. पंच म्हणून कार्यालयाचा आचारी आणि मांडववाला. दोघांनी हॉलची लांबी-रुंदी मोजली, घड्याळाची वेळ लिहिली, सह्या केल्या. आचारी विचारत होता, "साहेब, कोण मेलं काय?" तो पंचनामा काकांनी व्हिडिओसोबत पाठवला, इंग्रजी भाषांतरासहित. तिकडच्यांनी त्याचं काय केलं, देव जाणे.

मग वाट बघणं. घरी मी आईला म्हटलं, "बिड मिळालं की जाणार." आई म्हणाली, "बीडला कशाला? तिथे कोण आहे आपलं?" मी तिला समजावलं. ती समजली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण जिला समजणार नाही असं वाटलं तिला समजलं, आणि ज्यांना ते सगळ्यात आधी समजायला हवं होतं त्यांना मी विचारलंसुद्धा नाही. सगळा पत्रव्यवहार काकांच्या नावे होता. "पत्रव्यवहार एकाच टेबलावरून व्हावा," हा त्यांचा आग्रह. ताई त्यांना रोज सांगायच्या, "काका, बिडकडे लक्ष ठेवा हं." काका म्हणायचे, "बत्तीस वर्षं तेच केलंय."

तिथेच माशी शिंकली. काकांच्या जगात बिड म्हणजे निविदा. ती आपण भरायची असते, समोरच्याने उघडायची असते. ती कुणी कुणाला देत नाही.

आम्ही रोज विचारायचो, "काका, आलं का काही?" काका फाइल काखेत धरून म्हणायचे, "पत्रव्यवहार चालू आहे." आठवडा गेला, दोन गेले. आणि एका सकाळी सराव संपता संपता, सव्वाआठच्या सुमारास, रेवतीने मोबाइल पुढे केला. दुसऱ्या एका शहरातल्या संघाने फोटो टाकला होता, मुली उड्या मारतायत आणि वर लिहिलंय की आम्हाला बिड मिळालं, काल शेवटचा दिवस होता, आम्ही होकार कळवला.

ताई म्हणाल्या, "काका, फाइल बघू."

त्या दिवशी साडेअकराचं लग्न होतं. काका खुर्च्यांना खोळी चढवून घेत होते. त्यांनी फाइल आणली. ताईंनी पानं उलटली आणि त्यांचा हात थांबला. मी खांद्यावरून वाकून बघितलं. अठरा दिवसांपूर्वीची ईमेल, छापलेली, भोक पाडून लावलेली. अभिनंदन, आपल्या संघाला बिड देण्यात येत आहे. होकार कळवण्याची शेवटची तारीख कालची. खाली पेन्सिलीने काकांचा शेरा, "आपण निविदा भरलेली नाही. खुलासा मागवला. गोपनीय."

"गोपनीय?" ताईंच्या तोंडून एवढंच निघालं.

काकांनी आवाज खाली आणला. "ताई, आपण न भरलेली निविदा आपल्या नावावर मंजूर झाली म्हणजे कुणीतरी घोटाळा केलाय. मी आयुष्यभर हे पाहिलंय. पोरींची नावं त्यात यायला नकोत म्हणून मी कुणाला बोललो नाही. त्यांना पत्र लिहून खुलासा मागितला. त्यांची पोच आली आहे. ही बघा."

ती पोच म्हणजे आपोआप येणारं उत्तर होतं, आपला संदेश मिळाला, धन्यवाद, म्हणून.

माझं डोकं फिरलं. मला ते आजही आठवतं आणि आजही लाज वाटते. वीस मुली, आचारी, खोळी चढवणाऱ्या दोन बायका, सगळ्यांसमोर मी ओरडले, "काका, तुम्ही केळ्याचीसुद्धा पोच घेता, पण तुम्हाला स्वतःला काही पोच आहे का? संपलं माझं! तुमच्या त्या फायलीत संपलं!"

अक्कल नाही असं म्हणायला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. मी नेमका त्यांचाच उचलला आणि त्यांना फेकून मारला.

काका खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, ईमेल पुन्हा वाचली. ताईंना एकच प्रश्न विचारला, "बिड म्हणजे यांच्याकडे प्रवेश?" ताईंनी मान हलवली. काकांचा चेहरा मी पाहिला. बत्तीस वर्षांचा शब्द त्यांच्या हातातून निसटला होता. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि अचानक त्यांचा आवाज बदलला.

"कालच्या तारखेला रात्री बारा वाजेपर्यंत, असं आहे. कुणाच्या घड्याळाने?"

"म्हणजे?"

"निविदेची वेळ ही ती उघडणाऱ्या कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे धरतात. हा साधा नियम आहे. त्यांच्याकडे आता किती वाजले?"

रेवतीने मोबाइलवर बघितलं. तिकडे रात्रीचे दहा वाजायला पाच मिनिटं होती. तिकडे अजून कालच होता.

"दोन तास पाच मिनिटं," काका म्हणाले. "पुष्कळ आहेत. बसा."

ताईंनी लॅपटॉप उघडला. अर्ज लांबलचक निघाला. वीस जणींची पासपोर्टवरची नावं, नंबर, जन्मतारखा, मुदत, अक्षर न अक्षर तंतोतंत. आमच्यापैकी एकीलाही स्वतःचा नंबर पाठ नव्हता. काका फाइल उघडून उभे राहिले आणि एकेक अक्षर सांगू लागले, ठेकेदारांसमोर दर वाचून दाखवायचे तशा खणखणीत आवाजात. नऊ वाजता वऱ्हाड आलं. मांडववाल्याने सनई-चौघड्याची रेकॉर्ड लावली. ताई ओरडतायत, "बी की डी?" काका ओरडतायत, "बी! बाळापूरचा बी!" आम्ही गाद्या उचलतोय, आणि वधूचे मामा येऊन विचारतायत, "अहो व्यवस्थापक, चहाचं काय?"

"थांबा," काका म्हणाले, "देशाचं काम चाललंय."

मामा खरंच थांबले. मुंडावळ्यांची पिशवी हातात धरून त्यांनी सात जणींचे पासपोर्ट ऐकले.

सव्वादहाच्या आत अर्ज गेला. लगेच उत्तर आलं, नावानिशी, की संघाचा प्रवेश पक्का. सगळ्या किंचाळल्या, एकमेकींच्या अंगावर पडल्या, रेवतीला आम्ही तिथेच गादीशिवाय वर उचललं. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मग ती खाली आल्यावर, न विचारताच, चहा बघायला मुदपाकखान्यात निघून गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही गेले नाही. जीभ उचलून टाळ्याला लावायला किती बळ लागतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी रोज चौथीला डोक्यावर उचलणारी बाई.

स्पर्धेचं थोडक्यात सांगते. आम्ही गेलो. तिकिटं कशी जमली ते वेगळं पुराण आहे. आम्ही शेवटून चौथ्या आलो आणि अडीच मिनिटांत एकदाही रेवतीला पाडलं नाही. दुसऱ्या देशांच्या मुलींनी केसात केवढाल्या चमकदार फिती बांधलेल्या, आणि त्यांच्यात आमचे काका राखाडी सफारीत, आयोजकांकडून ओळखपत्रांची पोच मागत. एका गोऱ्या बाईने चक्क सही करून दिली. काका म्हणाले, "यांच्याकडे पद्धत आहे, फक्त कुणी विचारत नाही." मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि हसत होते. पण तसं शेजारी उभं राहता येण्याआधी एक गोष्ट व्हायची होती, ती सांगायची राहिली.

त्या लग्नानंतर तीन दिवस काका आमच्याशी फक्त किल्लीपुरतं बोलले. चौथ्या दिवशी सरावाला आलो तर गादीवर दोन कागद ठेवलेले. पहिल्यावर ठळक अक्षरात "कारणे दाखवा नोटीस." प्रेषक, संघ व्यवस्थापक. प्रति, संघ व्यवस्थापक. आपण एका शब्दाचा अर्थ न विचारता गृहीत धरला व संघाचे वर्ष धोक्यात आणले, सबब आपणास या पदावरून का काढू नये, याचा खुलासा करावा. दुसरा कागद म्हणजे खुलासा, त्याच अक्षरात. त्यात बचाव काहीच नव्हता. फक्त एवढंच, की मला शब्द ठाऊक आहे असे वाटले, म्हणून मी विचारले नाही. निर्णय संघाने सात दिवसांत द्यावा, तो मान्य राहील.

आधी सगळ्या हसल्या. मग एकेकीची नजर दाराकडे गेली. बाहेर पायरीवर काका बसले होते, किल्ल्या मांडीवर ठेवून, आत न बघता.

ताईंनी माझ्या हातात पेन दिलं. "तू लिही."

"मीच का?"

"का ते तुला माहितीये."

मी गादीवर पालथी पडून लिहिलं. खुलासा मिळाला व मान्य. व्यवस्थापकांनी पदावर राहावे, त्यांच्याशिवाय संघ कुठेही जाणार नाही. एवढं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि मग खाली, कुणाला न दाखवता, आणखी एक ओळ घातली, "त्या दिवशी मी आपल्याला जे बोलले ती माझी चुक आहे, मला त्याचं फार वाईट वाटतं."

कागद बाहेर नेऊन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचला, सह्या मोजल्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, माझा पहिला उकार खोडला आणि दुसरा काढला.

"चूक दीर्घ असते, अहो," काका म्हणाले. "पण लिहिताना. एरवी लांबवायची नसते."